धगोबा उडत नाही

गेल्या कार्तिकात पुण्याहून प्रकाशकांचं पत्र आलं. माझ्या ‘अग्निकेतूची गुहा’ या ड्रॅगनच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायची होती. पहिली निघून दहा वर्षं उलटली, तरी शाळांची मागणी चालूच आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ होती : ‘ही कल्पना आपणांस कशी सुचली, यावर चार पानांची प्रस्तावना लिहून पाठवावी.’

मी आठ दिवस त्या चार पानांपुढे बसले. अमरावतीच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथे मला ‘ड्रॅगनवाल्या बाई’ म्हणतात. निबंध कसा लिहावा यावर मी तास तास बोलू शकते. पण ‘ही कल्पना मला’ इतकं लिहून झालं की पेन थांबायचं. कारण कल्पना मला सुचलीच नव्हती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही माझ्याबद्दल उगीच बरं मत करून घ्यायला नको.

ती सुचली होती सुभद्रेला.

सुभद्रा आमच्या अकोल्याच्या घरी शिकायला राहायची. तिचे वडील खुशालराव मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातले, साठ एकर काळ्या जमिनीचे धनी, आणि माझ्या वडिलांचे, म्हणजे मोरोपंत वकिलांचे, जुने पक्षकार. एकुलती एक पोर, म्हणून त्यांना तिला शिकवायची हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मुदत असते. दहावीच्या सहामाहीत, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्षी, सुभद्रा मराठीत नापास झाली. गणितात वर्गात दुसरी आणि मराठीत शंभरात एकोणतीस! निबंधात तिने ‘मी वावरात जातो, मले भेव लागत नाही’ असं, वऱ्हाडात बायकाही बोलतात तसं, लिहिलं होतं. बाईंनी शेजारी लाल शाईने विचारलं होतं, ‘तू मुलगी आहेस की मुलगा?’

प्रगतिपुस्तक पाहून खुशालराव आमच्या ओसरीवर मोठ्यांदा हसले. “मराठीत नापास? मंग घरी हे पोट्टी इंग्रजीत बोलते का काय?” हसू ओसरल्यावर म्हणाले, “जाऊ द्या वकीलसाहेब. मॅट्रिक काई हिच्यानं होत नाई. पाहुणे येऊन राहिले, एखादं चांगलं घर पाहतो.”

तेव्हा सुभद्रा दारातून म्हणाली, “बाबा, माहं पुस्तक छापून आलं तं?”

“कायचं पुस्तक?”

“गोठीचं. आमी लिहून राहिलो. मी अन् चारू.”

खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी मांडीवर थाप मारली. “पुस्तकावर तुहं नाव छापून आलं तं मॅट्रिकच काय, कालेजात धाडतो. पुढल्या दिवाळीपर्यंत पाहतो मी. शब्द हाये आपला.”

हा शब्द त्यांनी माझ्यादेखत दिला होता. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

ही ‘गोठ’, म्हणजे गोष्ट, अशी सुरू झाली होती. आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात एका ड्रॅगनचं चित्र होतं, पंखवाला, तोंडातून जाळ काढणारा. वर्गातल्या मुली ‘ई’ म्हणाल्या. सुभद्रा चित्र जवळ घेऊन म्हणाली, “हा तं आमच्या वावराखाली हाये.”

चैत्रात काळी जमीन तडकते. भेगा एवढ्या होतात की लहान पोराचा हात कोपरापर्यंत आत जातो. सुभद्रेने पाच वर्षांची असताना घातला होता, आणि आतून तिच्या तळहाताला गरम वारा लागला होता. खाली कोणीतरी श्वास घेतंय, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं. त्याचं नाव तिने ठेवलं धगोबा. वाघाचा वाघोबा होतो, तसा धगीचा धगोबा. त्याच्या धगीने वर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फुटतात. लोकांनी नांगर धरला त्याच्याही आधीपासून तो पंख मिटून तिथे पडलेला आहे. एक पोट्टी भेगेत हात घालते, आणि खालून आवाज येतो, “काहून वं? हात काहून घातला?”

मला हे ऐकताना अंगावर काटा यायचा. अजूनही येतो.

संध्याकाळी दिवेलागणीनंतर आम्ही मागच्या पडवीत बसायचो. सुभद्रा सांगायची, मी लिहायची. तिच्याकडे गोष्ट सांगायची एक रीत होती. ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा. दर वाक्याला ‘हं’ म्हटलं तर गोष्ट पुढे जाणार, नाही तर तिथेच बसणार, अडेल बैलासारखी. मी लिहिण्याच्या नादात विसरायची. मग ती गप्प व्हायची.

“सांग ना पुढे.”

“हुंकारा दे.”

“अगं, लिहितेय मी. दिसत नाही?”

“लिहून राहिली तरी हं म्हण. मले कसं समजन तू आयकून राहिली का नुसती लिहून राहिली?”

मी नुसती लिहीत होते. आणि लिहिताना सगळं ‘शुद्ध’ करीत होते. धगोबाचा मी अग्निकेतू केला. ‘काहून वं’चं, म्हणजे ‘का गं’चं, ‘हे बालिके, तू कोण आहेस?’ झालं. पुण्याच्या प्रकाशकाने शाळकरी मुलामुलींसाठी कादंबरीस्पर्धा काढली होती, पहिल्या येणाऱ्या कादंबरीचं पुस्तक निघणार होतं. पुण्याचे परीक्षक वऱ्हाडी ड्रॅगनला दारातही उभं करणार नाहीत, याची मला खात्री होती. भेगेत हात घालणाऱ्या पोट्टीची मी राजकन्या मंजिरी केली. शेतातून तिला गुहेत नेलं. मग मला वाटलं, थोडा विनोद हवा. म्हणून राजकन्येच्या मागे एक गावंढळ, भित्री, खादाड दासी लावली. ती एकटीच पुस्तकभर ‘मले, तुले’ करते. तिचं नाव मी ठेवलं सुभी.

हे नाव नंतर बदलायचं राहून गेलं, असं मी दहा वर्षं स्वतःला सांगत आले. राहून गेलं नव्हतं. ते फार चपखल बसत होतं.

संक्रांतीला सुभद्रा गावी गेली आणि त्याच आठवड्यात स्पर्धेची मुदत संपत होती. शेवट तिने अजून सांगितला नव्हता. मी माझ्या मनाने लिहिला. अग्निकेतू पंख पसरतो, राजकन्येला पाठीवर घेतो आणि हिमालयाकडे उडून जातो. दोनशे चौदा पानं मी हाताने उतरवली, मधल्या बोटाला घट्टा पडला. अर्जावर ‘लेखकाचे संपूर्ण नाव’ अशी एकच ओळ होती. मी वडिलांना, अप्पांना, विचारलं, दोन नावं चालतील का?

अप्पा म्हणाले, “लिहिलं कोणी?”

“मी.”

“मग झालं. गोष्टी काय, गावोगाव पडलेल्या असतात. भाषा तुझी, मेहनत तुझी.”

अप्पा वकील होते, त्यांना बाजू मांडता यायची. पण मी विचारलं तेव्हाच मला उत्तर काय हवंय हे पक्कं होतं. मी त्या ओळीवर माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. ओळ भरली. सुभद्रा परत आल्यावर तिने पहिलं हेच विचारलं, “नावं घातली का दोघींची?”

“घातली,” मी म्हणाले.

ती इतकी खूश झाली की तिने गावाहून आणलेले तिळाचे लाडू सगळे मलाच दिले. मी ते खाल्ले. कादंबरीला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं की आमचं पुस्तक येणार. मी रोज ठरवायची, आज तिला खरं सांगू. रोज काहीतरी निमित्त काढून उद्यावर ढकलायची.

दिवाळीच्या दोन दिवस आधी पुण्याहून पुस्तकांचं पार्सल आलं. अप्पांनी पेढे वाटले. पुस्तकं कधी येणार हे खुशालरावांना सुभद्रेनेच आधी पत्राने कळवलं होतं, त्यामुळे तेही त्याच सकाळच्या गाडीने सीताफळांची टोपली घेऊन हजर. बैठकीत अप्पांचे कारकून वामनराव आणि दोन-तीन पक्षकार बसले होते. सुभद्रेने पुस्तक अजून पाहिलं नव्हतं, ती आत पोहे भरत होती. मी पळून जायला हवं होतं, पण बक्षीस मिळालेल्या मुलीला सगळ्यांनी मध्ये बसवलं होतं.

खुशालरावांनी धोतराला हात पुसले, टोपी सरळ केली आणि पुस्तक घेतलं. मुखपृष्ठावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. “चा-रु-शी-ला. हे तुमची. आमची कुठी हाये?”

अप्पा म्हणाले, “खुशालराव, वर लिहिणाराचं नाव असतं.”

“मंग आत असन.” त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. त्यांचं वाचन बेताचं, तरी ते नेटाने एकेका पानावरून बोट फिरवत राहिले. मला दिसत होतं की ते बोट आता कुठे थांबणार आहे. आणि ते थांबलंच.

“हे पाहा! हाये! सुभी! आमी घरी सुभीच म्हनतो हिले!” त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो आजही पाहवत नाही. “आयका हो वकीलसाहेब,” म्हणून त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. “सुभी म्ह-णा-ली, ‘मले भेव लागते बाप्पा! तुमी जा गुहेत, मी अथीच भाकर खातो!’”

वामनराव खो खो हसले. पक्षकारही हसले. हसू येईल असंच मी लिहिलं होतं. खुशालरावही आधी हसले, सगळे हसताहेत म्हणून. मग त्यांनी पुढची ओळ मनात वाचली, मग त्याच्या पुढची. त्यांचं हसू एकदम नाही गेलं. हळूहळू गेलं.

सुभद्रा पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

खुशालरावांनी पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, “बाई, तुमी सांगा. माह्या पोरीनं काई केलं का याच्यात?”

एक वाक्य पुरे होतं. ‘गोष्ट तिची आहे.’ चार शब्दही नाहीत. सुभद्रा माझ्याकडे पाहत होती, तिच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, नुसती वाट पाहणं होतं. अप्पा पाहत होते, वामनराव पेढा हातात धरून पाहत होते. माझ्या पहिल्या पुस्तकाचा दिवस होता तो.

“तिने मदत केली,” मी म्हणाले.

“मदत म्हंजे? दऊत भरून देली?”

खुशालराव उठले. “चाल वं माय, घरी. सामान बांध.”

तिने बशा एकेक करून सगळ्यांपुढे ठेवल्या, माझ्यापुढेही ठेवली, आणि ट्रंक भरायला गेली. तासाभरात टांगा दारात आला. मी फाटकापर्यंत गेले, कशाला गेले देव जाणे. ती टांग्यात बसली आणि म्हणाली, “धगोबा काय म्हनते पुस्तकात?”

“हे बालिके, म्हणतो.”

“हे बालिके?” तिला हसूच आलं. खरंखुरं हसू. “अन् शेवट काय केला?”

“उडून जातो. हिमालयात.”

तिचं हसू थांबलं. “उडते? अवं, तो कसा उडन? त्याच्या पाठीवर लोकायची वावरं हायेत ना.”

टांगेवाल्याने घोडा हाकला. वैशाखात लग्नाची पत्रिका आली, कोपऱ्याला हळद लावलेली, हिवरखेडचं घर. अप्पांनी अहेर पाठवला. मी गेले नाही. माझी मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती आणि मराठीत मला बक्षीस मिळायचं होतं.

तर प्रकाशकांचं पत्र आल्यावर नवव्या दिवशी मी रजा टाकली आणि अकोटवरून हिवरखेडला जाणारी एसटी पकडली. मनात सगळं पक्कं ठरवलं होतं. नव्या आवृत्तीवर सुभद्रेचं नाव आधी, माझं नंतर. प्रस्तावनेत सगळी हकीकत. सुभी दासी काढून टाकायची. गाडीत मला चक्क बरं वाटत होतं. लाज वाटायची ती जागा आता भरून निघणार, असं वाटत होतं. माणूस स्वतःला किती स्वस्तात माफ करायला निघतो!

सुभद्रेच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. ती ढिगाशी बसून बोंडांतली वाळक्या पानांची पत्ती वेचत होती. केस पुढून थोडे पांढरे झालेले. मला तिने लगेच ओळखलं.

“चारू? ये, बस. हात नको लावू, लुगड्याले कापूस चिकटन.”

चहा झाला. ती माझ्या शाळेची चौकशी करीत राहिली. खुशालराव तीन वर्षांपूर्वी गेले, हे तिने सांगितलं. मग मी पत्र काढलं आणि गाडीत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. माफीही मागितली. बोलता बोलता रडले. ती पत्ती वेचत ऐकत होती, एकदाही ‘हं’ म्हणाली नाही.

माझं संपल्यावर तिने आत हाक मारली, “दुर्गे, ये वं इकडे. बाईले तुहं पुस्तक वाचून दाखव.”

नऊएक वर्षांची मुलगी आली, दोन वेण्या, खाकी पुठ्ठा घातलेलं पुस्तक छातीशी धरून. पुस्तक माझंच होतं. शाळेच्या वाचनालयातलं.

“चौथीत हाये,” सुभद्रा म्हणाली. “मराठीत पयली येते. गुरुजींनं सारं पुस्तक वर्गात वाचून घेतलं हिच्याकून.”

“कोणतं पान वाचू?” मुलीने मला अगदी पुस्तकी मराठीत विचारलं.

“तुले आवडते ते,” सुभद्रा म्हणाली.

मुलीने खुणेचा कागद घातलेलं पान उघडलं. राजकन्येचं बोलणं तिने गोड, स्वच्छ वाचलं. अग्निकेतूसाठी जाड आवाज काढला. आणि मग कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली, ओठ लोंबते सोडले आणि म्हणाली, “मले भेव लागते बाप्पा! तुमी जा गुहेत, मी अथीच भाकर खातो!”

आवाज हुबेहूब सुभद्रेचा होता. मुलीला ते ठाऊक नव्हतं की होतं, मला कळलं नाही. ती स्वतःच खुदकन हसली, आणि आम्ही दोघी का हसत नाही म्हणून आळीपाळीने आमच्याकडे पाहू लागली.

“वर्गात सगळे खूप हसतात इथे,” ती म्हणाली. “आई, तू पण असंच बोलतेस. मी तुला सांगते ना, गुरुजींसमोर बोलत नको जाऊ.”

“हो वं माय,” सुभद्रा म्हणाली. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “पाह्यलं? आता तू माहं नाव कुठी घालतं, चारू? ते तं आधीच हाये त्याच्यात.”

मी म्हणाले, “मी सुभीला काढून टाकते. एकूणएक ओळ काढते.”

“पुस्तकातून काढशीन.” तिने लेकीकडे पाहिलं.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, धगोबाशेजारी. पण गडप होणं सोपं होतं. मी मुलीला जवळ बोलावलं. “दुर्गा, हे पुस्तक मी लिहिलंय.”

तिचे डोळे मोठे झाले.

“आणि खोटं लिहिलंय. गोष्ट माझी नाही, तुझ्या आईची आहे. ड्रॅगन गुहेत नसतो, वावराखाली असतो. त्याचं नाव धगोबा. तो ‘हे बालिके’ म्हणत नाही. ‘काहून वं’ म्हणतो. सुभी भित्री नव्हती. भेगेत हात घालणारी तीच होती. मला तिची भाषा सांगायची लाज वाटली, म्हणून मी तिला दासी केलं.”

मुलगी आधी हसली, तिला ही चेष्टा वाटली. मग तिने माझा चेहरा पाहिला, मग आईचा. बराच वेळ आईचाच. आणि तिची पुस्तकी मराठी एकदम निसटली.

“ड्रॅगन का आपल्यावानी बोलते, आई?”

सुभद्रा पत्ती वेचत राहिली.

“मंग उडत नाई का तो? सांग ना. काहून नाई उडत?”

“हुंकारा कोन देईन?” सुभद्रा खाली मान घालून म्हणाली.

“म्हंजे काय?”

“हं म्हना लागते. हं म्हनलं तं गोठ पुढं जाते.”

मुलीने पुस्तक खाली ठेवलं, कापसाच्या ढिगाला टेकून मांडी घातली आणि म्हणाली, “हं.”

मीही पदर सावरून नीट बसले. अकरा वर्षं मला तो शेवट ठाऊक नव्हता. माझ्या घशाशीही ‘हं’ आला होता. सुभद्रेने हातातलं बोंड बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“चार वाजता अकोटची गाडी हाये, चारू. तू जाय आता.”

“मी पुढच्या गाडीने जाईन. ऐकते ना शेवट.”

“नाई,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिळाचे लाडू दिले तेव्हा होता तसाच आवाज. “तुह्यासमोर नाई सांगत. तू लिहून घेशीन.”

मी पेनाला हातही लावला नव्हता. तरी मांडीवरची पर्स उचलली, उठले आणि चपला घातल्या. आत मुलगी दुसऱ्यांदा ‘हं’ म्हणाली, तेव्हा मी फाटकाबाहेर पडले होते.